उघडता येणारं पेन

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत पालकसभा झाली. पाचवीपासून पुढच्या सगळ्या मुलांना शाईचं पेन सक्तीचं करावं का, हा त्यातला एक विषय होता. बाकीचे विषय पंधरा मिनिटांत उरकले आणि या एकावर दीड तास हमरीतुमरी झाली. सभा संपली, वाद पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि अजून धुमसतोय. एक बाजू म्हणते, शाईच्या पेनाने अक्षर वळणदार होतं, मुलांना शिस्त लागते, प्लास्टिकचा कचरा कमी होतो. दुसरी बाजू म्हणते, ही पैसेवाल्यांची हौस आहे, पांढरे गणवेश खराब होतात, परीक्षेत पेपर पुरा होत नाही, आणि मुलं उद्या सगळं स्क्रीनवरच लिहिणार असतील तर दौत-निबेचे सोहळे कशाला? दोन्हीकडचे पालक मनापासून बोलत होते. तरी ज्या कारणासाठी हा वाद घालण्याजोगा आहे, ते कारण दीड तासात एकदाही कुणाच्या तोंडी आलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सक्ती करू नये. तरीही शाईचं पेन शाळेत यावं, कारण ते उघडता येतं. बंद पडलं तर दहा वर्षांचं मूल ते खोलू शकतं, आत काय अडलंय ते बघू शकतं, धुऊन पुन्हा चालू करू शकतं. आजच्या दप्तरात अशी वस्तू शोधून सापडत नाही. अक्षर, शिस्त, जुन्या दिवसांची ओढ हे सगळं त्यानंतरचं.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा सभेत कुणी मांडलाच नाही, म्हणून तो मीच मांडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर पाणी होतं. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. त्यांच्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा निळ्या शाईच्या वह्यांमध्ये आकाशी ढग उरले होते. पानं शाबूत, ओळी गेलेल्या. त्याच पेटीत धाकट्या भावाने बॉलपेनने लिहिलेला घराच्या बांधकामाचा हिशेब होता. चिखलाने माखलेला, पण वाळूची प्रत्येक खेप वाचता येत होती. शाईच्या पेनाची बाजू घेताना ती पेटी मला विसरता येत नाही. साधी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. विरघळलेला असतो म्हणूनच तो निबेच्या केसाएवढ्या फटीतून न अडता वाहतो, आणि त्याच कारणाने पाणी लागलं की निघून जातो. मोडीतले जुने कागद आजही वाचता येतात ते काजळाच्या शाईमुळे. काजळाचे कण विरघळत नाहीत, कागदाला धरून बसतात. ती शाई बोरूला चालायची; फाउंटन पेनात घातली तर आत वाळून वाट बुजवते. जपानी कंपन्या आता पेनातून वाहतील इतक्या बारीक काजळकणांची शाई करतात, पण तिलाही पेनात वाळू देऊन चालत नाही. तेव्हा कबूल: जे लिखाण पन्नास वर्षं टिकायला हवं आणि जिथे कृष्णामाई दाराशी येते, तिथे साध्या शाईवर विसंबू नये. मात्र यातून ठरतं ते एवढंच, की दस्तऐवज कशाने लिहावेत. पाचवीच्या मुलाने हाताळायचं, खोलायचं, समजून घ्यायचं साधन कोणतं असावं, याचं उत्तर त्या पेटीत नाही.

बॉलपेनच्या बाजूने आणखी एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करायला हवी. लास्लो बीरो हा हंगेरीचा पत्रकार. छापखान्यातली शाई झटकन वाळते हे त्याने पाहिलं होतं. ती घट्ट शाई निबेतून वाहीना, म्हणून त्याने टोकाला फिरणारी गोळी बसवली आणि १९३८ मध्ये पेटंट घेतलं. १९५० मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बिक यांनी ‘बिक क्रिस्टल’ बाजारात आणलं आणि पेन ही जपून वापरायची चीज राहिली नाही. आमच्याकडे जत-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून कॉलेजला आलेल्या कितीतरी मुलांनी एका रिफिलवर अख्खी सहामाही काढली आहे. दौत नको, टिपकागद नको, एसटीत सांडायची भीती नको. त्या मुलांना ‘खरं लिहिणं शाईचंच’ असं सांगणं हा उद्दामपणा आहे. एके काळी शाळांमधून बॉलपेनला बंदी असे, अक्षर बिघडतं म्हणून. त्या बंदीने कुणाचं अक्षर सुधारलं? ज्यांच्या घरात दौत घ्यायची ऐपत नव्हती त्यांचेच हात तेवढे आखडले. आज सक्ती मागणाऱ्यांनी हे आठवावं. डावखुऱ्या मुलांचा तर या सभेत कुणी विचारच केला नाही. त्यांचा हात ओल्या ओळीवरूनच पुढे सरकतो, आणि निब ओढण्याऐवजी ढकलावी लागते.

प्लास्टिकचा मुद्दा सक्तीवाल्यांनी सोडून द्यावा हे बरं. बॉलपेनचं वजन काही ग्रॅमचं. घरात आठवड्याला येणाऱ्या दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांतलं वेष्टण यांच्यापुढे ते कुठे बसतं? शिवाय स्वस्त शाईपेनही प्लास्टिकचंच असतं, आणि एकदाच वापरायच्या शाईच्या नळ्या, म्हणजे कार्ट्रिज, घातल्या तर कचरा चुकला कुठे? 

अक्षराचा मुद्दा अर्धा खरा आहे. बॉलपेनची गोळी फिरवायला कागदावर दाब द्यावा लागतो. निबेतली शाई कागदाला नुसता स्पर्श झाला की उतरते. त्यामुळे बोटं कमी आवळतात, मनगट सैल राहतं, दोन-तीन पानांनंतरचा फरक हाताला कळतो. इथवर ठीक. पण देवनागरीतलं सुंदर जाड-बारीक वळण आलं ते बोरूच्या तिरक्या कापातून. फाउंटन पेनच्या निबेच्या टोकाला गोल मणी असतो, तो सगळीकडे सारख्याच जाडीची रेघ काढतो. मग वळण येणार कुठून? ते कित्ता गिरवल्यानेच येतं. खडूने, पेन्सिलने, हातात येईल त्याने. मोत्यासारखं अक्षर असणारी माणसं मी बॉलपेनने लिहिताना पाहिली आहेत आणि महागड्या निबेने कोंबडीचे पाय उमटवणारीही पाहिली आहेत.

मग शाईच्या पेनाकडे उरतं काय? ते सांगायला मला हरभट रोडलगतच्या एका बोळात जावं लागेल. तिथे सत्तरच्या दशकात पेन दुरुस्त करणारे एक काका बसायचे. दुकान म्हणजे एक खोलगट फळी, घड्याळवाल्याचं असतं तसं भिंग, जुन्या निबांनी भरलेला पितळी डबा आणि कोमट पाण्याची वाटी. मी सातवीत असताना माझं हिरो अडायला लागलं. शांघायची हिरो पेनं तेव्हा मुलांमध्ये मोठ्या मानाची. १९४१ साली निघालेल्या पार्कर ५१ सारखी निब झाकलेली, टोपण चकचकीत. मी ते झटकून झटकून लिहायचो, बाकावर निळे थेंब पडायचे. काकांनी पेन हातात घेतलं, रबराच्या तुकड्याने पुढचा भाग धरून पिळला, निब आणि तिच्याखालची काळी पट्टी अलगद ओढून काढली. त्या पट्टीला ते जीभ म्हणायचे. जीभ वाटीत सोडली तशी तिच्या खाचांमधून निळ्या दोऱ्या निघाल्या आणि पाण्यात उलगडत गेल्या. मग त्यांनी पितळेची कागदासारखी पातळ पट्टी निबेच्या फटीतून एकदा सरकवली, निब भिंगाखाली उजेडाकडे धरली, आणि मला म्हणाले, “बाळ, झटकू नगंस. शाई खाली यायची तर हवा वर जायला पायजे. वाट दोघांची एकच हाय.” पन्नास पैसे घेतले. पेन त्यानंतर बारावीपर्यंत चाललं.

ते वाक्य काय होतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पेत्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने १८२७ मध्ये पॅरिसला शाई पोटात बाळगणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ अनेकांनी तशी पेनं केली, आणि त्या पेनांचं दुखणं एकच: एक तर शाई येईना, नाहीतर एकदम भळकन यायची. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने जिभेत बारीक खाचा पाडल्या. शाई खाली उतरते त्याच मार्गाने हवा वर जाईल अशी सोय केली. आजही कोणतंही फाउंटन पेन उघडा, त्याच तत्त्वावर चालतं. जिभेच्या दोन्ही अंगांना कंगव्यासारखे दात दिसतात, ते जादा शाई धरून ठेवतात, म्हणून हाताच्या उबेने आतली हवा फुगली तरी वहीवर डाग पडत नाही. हरभट रोडच्या काकांनी वॉटरमनचं नाव ऐकलं होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. पण त्याचं पेटंट ते सातवीतल्या मुलाला एका वाक्यात समजावून देत होते, कारण ते रोज ही वस्तू उघडत होते.

उघडण्यातूनच घडवणारे निपजतात, असं मी म्हणतो ते या पेनांच्या इतिहासाच्या आधारावर. जॉर्ज पार्कर हा विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचा तारायंत्र शिकवणारा मास्तर. जोडधंदा म्हणून तो विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेनं विकायचा. ती बिघडायची आणि पोरं तक्रार घेऊन त्याच्याकडेच यायची. दुरुस्त करता करता त्याला दोष कळले आणि १८८८ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. पायलट कंपनीचे संस्थापक र्योसुके नामिकी हेही मास्तरच, टोकियोच्या व्यापारी नौकानयन विद्यालयात शिकवणारे. नकाशे आखायची पेनं नीट चालत नाहीत म्हणून ती सुधारण्याच्या मागे लागले, आणि त्यातून १९१८ मध्ये कंपनी उभी राहिली. आता आपल्याकडे बघा. किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात मानली जाते तीही १८८८ सालीच, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातून. लक्ष्मणराव किर्लोस्करही मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवायचे. सायकली खोलणाऱ्या हातांनी पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. जेन्सव्हिल आणि बेळगाव यांच्यात अर्ध्या पृथ्वीचं अंतर, तरी दोन्हीकडची वाट सारखीच. बिघडलेली वस्तू हातात आली, ती खोलता आली, म्हणून पुढचं सगळं झालं.

स्वदेशी पेनांची कहाणीही अशीच छोट्या कारखान्यांची आहे. गांधीजींच्या आग्रहातून राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी एबोनाइटचं पेन केलं आणि १९३५ मध्ये गांधीजींनी ते वापरून पसंतीचं पत्र पाठवलं. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या; पुढे त्याचं कॅम्लिन झालं, आणि उंटाच्या चित्राची दौत मराठी घराघरांत पोचली. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. तमिळनाडू-आंध्रातले कारागीर आजही त्याची कांडी लेथवर धरून पेन कातून देतात, हाताच्या मापाचं. आमच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथ काय कमी आहेत? निब करणं मात्र खरंच अवघड; मणी जोडणं, फट कापणं, घासणं हे फार थोड्यांना साधतं. जर्मनीतले बॉक आणि योवो हे दोन निब कारखाने जगभरच्या कितीतरी ब्रँडना निबा पुरवतात.

इथे माझा रोख आमच्याच बाजूच्या काही मंडळींकडे वळतो. ग्रुपवर एका पालकांनी मोंब्लाँ या महागड्या ब्रँडच्या माइस्टरश्टुक पेनाचा फोटो टाकला आणि लिहिलं की मुलांना असं काहीतरी उत्तम हातात धरायची सवय हवी. ते पेन सुंदर आहे यात वाद नाही. १९५२ पासून चालत आलेलं १४९ हे मॉडेल, निबेवर कोरलेला ४८१० हा आकडा, म्हणजे कंपनीने ज्या मोंब्लाँ शिखराचं नाव घेतलं त्याची मीटरमधली उंची. पण निब सोन्याची का करायचे? जुनी शाई आम्लधर्मी होती, साध्या पोलादाला खाऊन टाकायची. सोन्याला काही होत नसे. आजचं स्टेनलेस स्टील आजच्या शाईत वर्षानुवर्षं टिकतं. आणि कागदाला टेकतं ते सोनंही नसतं आणि स्टीलही नसतं. टेकतो तो टोकाला जोडलेला कठीण मिश्रधातूचा मणी, जो चांगल्या दोनशे रुपयांच्या पेनालाही असतो. बाकीची किंमत कारागिरीची, नावाची, प्रतिष्ठेची. मोठ्यांनी ती आनंदाने मोजावी. शाळेच्या चर्चेत तो फोटो टाकला की समोरच्याला ‘ही पैसेवाल्यांची हौस’ म्हणायला आयतंच कोलीत मिळतं.

खरंच हौस आहे का ती? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं; तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. बाबासाहेबांचं फाउंटन पेनांवरचं प्रेम सर्वश्रुत आहे. ज्यांच्या कित्येक पिढ्यांना लेखणीला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्यातल्या माणसाने उत्तम लेखणी हौसेने जमवावी, जपावी, यात श्रीमंतीचा थाट कुणाला दिसेल? चांगलं साधन हाताळण्याचा हक्क गरिबाच्या मुलालाही आहे. त्याला फक्त फेकायच्याच वस्तू द्यायच्या, हेच मला मान्य नाही.

आता हिशेबाचा मुद्दा. दहा रुपयांचं पेन दुरुस्त करायला अर्धा तास कोण घालवेल? हिशेब चोख आहे, मी तो नाकारत नाही. पण हाच हिशेब आपण मिक्सरला लावला, पंख्याला लावला, मोबाइलला लावला, आणि प्रत्येक वेळी तो चोखच निघाला. शेवटी हाती काय उरलं? घरातली एकही वस्तू उघडायची हिंमत नसलेली पोरं. आणि बॉलपेनवर माझा मुळात राग नाही, हे इथे स्पष्ट करतो. जुनं बॉलपेनही उघडायचं: मध्ये पिळलं की स्प्रिंग बाहेर, पितळी टोकाची रिफिल बाहेर, नवी घाला, मिटवा. शाळकरी पोरांना ते यंत्र तोंडपाठ असायचं. मग नवं पेन आणि रिफिल यांच्या किमती जवळजवळ सारख्या झाल्या, दुकानांतून रिफिली दिसेनाशा झाल्या आणि पेनाची कांडीच न उघडणारी झाली. म्हणून शाई विरुद्ध गोळी असं भांडण लावणं चुकीचं आहे. एका बाजूला उघडणारी पेनं आहेत, दुसऱ्या बाजूला न उघडणारी. रिफिल बदलून वापरायचं बॉलपेन घेऊन येणाऱ्या मुलाला मी आनंदाने आमच्या बाजूला घेईन.

दुरुस्तीची कला आता कुठे टिकणार, असं कुणी म्हणेल तर त्याने तासभर काढून मिरजेला जावं. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना बघावं. तारेखालच्या घोडीचा माथा कारागीर कानशीने हलकेच घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो; तार घोडीला निसटती लागली पाहिजे, जराही जास्त नाही, जराही कमी नाही. निब घासणाऱ्याचं काम मला नेहमी तसंच वाटत आलं आहे: अगदी बारीक पॉलिश पेपरवर निबेने इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन-तीन वळसे काढायचे, लिहून बघायचं, पुन्हा घासायचं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा मिरजेचा धंदा बसणार असं सगळे म्हणत होते. रियाजाला पोरं तो डबाच लावतात, आणि लावावा, सोयीचा आहे. तरीही मैफलीत तंबोरा लागतो, म्हणून गल्लीत कानस चालते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हरभट रोडच्या काकांच्या मागे मात्र कुणी बसलं नाही. आज तिथे मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे.

तर शाळेने काय करावं? किर्लोस्करांचा नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना होती. नांगर शेतात चालवून दाखवला तेव्हा ती गेली; सक्तीने गेली नसती. त्या नांगरांचे आणि ओगले काच कारखान्याच्या मालाचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरलेले भाऊराव पाटील पुढे ‘कमवा आणि शिका’ म्हणाले, तेव्हा हाताचं काम त्यांनी शिक्षणाच्या आत घेतलं. शाळेकडे माझी मागणी लहान आहे. पाचवीच्या वर्गात शाईची एक मोठी बाटली, ड्रॉपर, पाण्याचं घमेलं आणि डझनभर साधी पेनं वर्गाच्या मालकीची ठेवा. महिन्यातून एक तास मुलांनी ती उघडायची, धुवायची, जोडायची, त्याच पेनाने दोन पानं लिहायची. परीक्षा ज्याला ज्याने जमेल त्याने लिहू दे. खर्च सगळा मिळून एका सहलीच्या बसभाड्याइतकाही नाही. पहिले काही तास घ्यायला मी तयार आहे, तसं मुख्याध्यापिकाबाईंना लिहूनही दिलं आहे.

परवा रात्री नात स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिचं पेन अडत होतं. मी हात लावला नाही. तिने पुढचा भाग पिळून काढला, जीभ कोमट पाण्याच्या वाटीत सोडली आणि निळ्या दोऱ्या उलगडताना वाकून बघत राहिली. मग निब पुसून ट्यूबलाइटकडे धरली. “आजोबा, फट दिसते, पण टोकाला नाही दिसत.” मी म्हटलं, तिथेच अडलंय. कपाटातून पितळेची पातळ पट्टी काढून तिच्या हातात दिली. पहिल्यांदा जोडताना तिने निब जिभेच्या मध्यावर बसवली नाही, म्हणून पेन नुसतंच खरवडलं. तिने ते पुन्हा उघडलं.